कडक पेडल आणि हळदीकुंकवाचे दिवस

सुरू झाले फोन. "काकू, शनिवारी यायचंच हं, पाचनंतर कधीही या." अर्धा जानेवारी सरला की हैदराबादेतल्या मराठी बायकांच्या अंगात हळदीकुंकू संचारतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत एक संध्याकाळ मोकळी मिळेल तर शपथ. तिकडे नुमाइशचं वार्षिक प्रदर्शन भरलेलं, रस्ते तुंबलेले, गच्च्यांवर पोरांचा पतंगांपायी धुडगूस, गाड्यांवर तिखटमीठ लावलेले पेरू, आणि इकडे आम्ही बायका ठेवणीतल्या साड्या बाहेर काढून आज कुणाकडे, उद्या कुणाकडे याचे हिशेब करत बसलेल्या. पूर्वी मी यात सगळ्यांच्या पुढे असायची. आता फोन वाजला की मी तो आधी दोनदा वाजू देते. आतल्या खोलीतून हे विचारतात, "कुणाचं आमंत्रण गं?" मी म्हणते, "कुणाचं नाही, बँकेवाल्यांचा फोन होता." मग रेडिओचा आवाज जरा मोठा होतो. त्यांनाही कळलेलं असतं.

आमच्या गावच्या हळदीकुंकवाची एक गंमत आहे. इथं बायका वर असतात आणि नवरे खाली. घरं तरी कुठं कुठं पसरलेली. जुनी माणसं काचीगुड्यात, नारायणगुड्यात, हिमायतनगरात, आणि पुण्यामुंबईहून कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांसाठी आलेली नवी मंडळी पार कोंडापूरकडे. जरीची साडी नेसून रिक्षासाठी कोण ताटकळणार? म्हणून नवरा गाडी काढतो, बायकोला इमारतीखाली सोडतो, आणि तिथंच थांबतो. एकाच्या गाडीमागे दुसऱ्याची गाडी लागते, काचा खाली होतात, आणि वर आमची अत्तर-गुलाबपाणी चाललेली असताना खाली यांची सभा भरते. पेट्रोल, टायर, सरकार, गुडघे. यजमानीणबाई आठवणीनं कागदात बांधून तिळाच्या वड्या खाली पाठवते. पुण्याच्या माझ्या नणंदेला हे सांगितलं तर ती म्हणाली, काहीतरीच काय, नवरे कशाला येतील हळदीकुंकवाला. तिला एकदा आणून दाखवायला हवं होतं.

त्या सभेचे अध्यक्ष म्हणजे आमचे हे. मूळचे पुण्याचे, पण पंप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून तरुणपणी इथं आले आणि इथलेच झाले. मी मात्र काचीगुड्यातच जन्मलेली. आमचे आजोबा निजामाच्या काळात मराठवाड्यातली शेती भावावर सोपवून इकडे आले, तेव्हापासून आमच्या बोलण्यात जे मिसळलं ते मिसळलं. मी "हौ" म्हटलं की हे म्हणायचे, "हो म्हण, हो. पुण्यात ऐकलं तर व्हिसा मागतील." पण कुणाची गाडी अडली, कुणाच्या इंजिनातून आवाज यायला लागला की हीच हौवाली माणसं यांच्याभोवती गोळा व्हायची. हे बाह्या सरसावून बॉनेट उघडायचे. निवृत्त झाले तरी मशीन दिसलं की यांचा चेहरा खुलायचा.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वर्षी पहिलंच आमंत्रण हिमायतनगरचं होतं. नारायणगुड्याच्या फ्लायओव्हरवरून आमची पांढरी गाडी उतरत होती. खाली सिग्नल लाल, पुढं ऑटो उभी. गाडी थांबेना. म्हणजे थांबली, पण ऑटोला टेकता टेकता. ऑटोवाल्यानं मागं वळून नुसतं पाहिलं. माझा हात डॅशबोर्डवर होता, तो काढायला मला जरा वेळ लागला.

"पेडल कडक झालंय," हे म्हणाले.

"म्हणजे हो काय?"

"म्हणजे दाबलं तर दबत नाही. दगडावर पाय दिल्यासारखं लागतं."

मला तेव्हा गाडीची काळजी वाटलीच नाही. माझी नजर गेली यांच्या उजव्या पायाकडे. दिवाळीपासून त्या पायातली चप्पल निघून यायला लागली होती. जिना चढताना एक पाऊल नीट पडायचं आणि दुसऱ्याचा फरशीला घासल्याचा आवाज यायचा. हे म्हणाले, चप्पल सैल झालीय. नवी आणली. ती पण पुढच्या टोकाला झिजायला लागली. मी दोन-तीनदा विषय काढला, तर यांनी चप्पल बनवणाऱ्यांना शिव्या घालून तो संपवला. म्हणून "पेडल कडक" म्हटल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते मी तोंडातून बाहेर येऊ दिलं नाही. हिमायतनगरला वर जाऊन मी हळदीकुंकू घेतलं, तिळाची वडी खाल्ली, सगळ्यांशी हसून बोलले, आणि कुणाशी काय बोलले ते मला आजही आठवत नाही.

आमची मुलगी मुक्ता कोंडापूरला असते. तिला फोनवर सांगितलं तर ती एका दमात म्हणाली, "आई, गाडी सोड. पपांना आधी डॉक्टरकडे ने. अँड प्लीज, त्यांना ड्रायव्हिंग स्टॉप करायला सांग."

हे शेजारीच बसले होते. फोन माझ्या हातातून घेतला. "मुक्ता, हे बघ. आधी गाडी दाखवतो. गाडीत दोष निघाला नाही तर दोष माझ्यात आहे असं मी धरून चालेन, आणि तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येईन. शब्द आहे माझा." फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता पेपर उघडला.

यांचा शब्द म्हणजे शब्द, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलेलं होतं. त्यामुळे माझी पंचाईत झाली. दुसऱ्या दिवसापासून देवापुढं दिवा लावताना मी जे मागायला लागले ते आजवर कुणी बाईनं मागितलं नसेल. देवा, गाडी बिघडलेली असू दे. चांगली मोठी बिघडलेली असू दे. लोक गाडी चांगली चालू दे म्हणून नारळ फोडतात, आणि मी ही अशी. हात जोडल्यावर मला माझंच हसू यायचं आणि लगेच रडूही यायचं.

काचीगुडा स्टेशनच्या मागच्या अंगाला सलीमभाईंचं गॅरेज होतं. आता तिथं मोबाइलची कव्हरं विकतात. त्यांचा आमच्या गाडीवर फार जीव. त्यांनी चाक काढलं, आत पाहिलं आणि म्हणाले, "साब, पॅड घिस गए. नए डाल देतूं, बस." ब्रेक पॅड म्हणजे चाकाला धरून थांबवणाऱ्या चकत्या. त्या बदलल्या. हे गाडी घेऊन एक चक्कर मारून आले आणि "तसंच कडक आहे" म्हणत किल्ली टेबलावर ठेवली. चकत्यांचं नव्हतं. मी भाजी चिरत होते, ती चिरतच राहिले.

त्या रविवारची सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. थंडी होती, म्हणजे आमच्या गावच्या मानानं. हे मफलर गुंडाळून खाली गेले आणि मला हाक मारली. "चल, तुला एक परीक्षा द्यायचीय." मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. मला गाडी येते, यांनीच शिकवलेली. पण कधी काळी शिकले ती गल्लीतल्या गल्लीत, रहदारीत घालायचं धाडस झालं नव्हतं. हे दाराशी वाकून सांगायला लागले, अगदी कारखान्यात नव्या पोरांना सांगत असतील तसं. इंजिन बंद ठेव. आता पेडल दाब, सोड, पुन्हा दाब. घट्ट होईल. झालं? आता पाय तसाच दाबून धर आणि गाडी सुरू कर. सगळं ठीक असेल तर गाडी सुरू होताच पेडल तुझ्या पायाखाली जरासं खाली जायला हवं.

मी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. पेडल हललं नाही.

"गेलं खाली?"

"नाही. इथंच आहे. कडक आहे हो, खरंच कडक आहे."

माझ्या पायाला कडक लागलं. माझ्या! मला झाला तसा आनंद माणसाला मुलगी पास झाल्यावर होत असेल. म्हणजे यांचा पाय नव्हे, पेडलच कडक होतं. मी इतक्या मोठ्यानं सांगितलं की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकीतून डोकावून पाहिलं. यांनी मफलर सोडून खांद्यावर टाकला आणि शीळ घालत बॉनेट उघडलं.

मग त्यांनी मला समजावलं. ब्रेकचं पेडल एकटं काही करत नसतं. त्याच्या पुढं, इंजिनाच्या बाजूला, एक काळा गोल डबा असतो. आपल्या पापडाच्या डब्याएवढा. त्याला बूस्टर म्हणतात. चालू इंजिन एका रबरी नळीतून त्या डब्यातली हवा ओढून घेतं, आणि त्या ओढीच्या जोरावर आपला पाय नुसता टेकला तरी एवढी मोठी गाडी थांबते. नळी फाटली की ओढ गेली. मग गाडी थांबवायचा सगळा भार एकट्या पायावर. "आपल्याला वाटतं आपणच थांबवतो," हे म्हणाले, "पण निम्म्याहून जास्त काम तो डबा करतो."

हे वाक्य त्यांनी सहज म्हटलं आणि नळीची दुसरी बाजू तपासायला वाकले. पण ते माझ्या डोक्यात बसून राहिलं. आमच्या संसारात तो डबा कोण होतं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. कधी मी होते. पुष्कळदा हे होते, आणि मला पत्ताही नव्हता. बँक, पाणी, गॅस, मुक्ताची शाळा, माझ्या आईचं दवाखान्याचं शेवटचं वर्ष, सगळीकडे मला वाटायचं मीच निभावतेय. माणूस आहे तोवर त्याचा जोर लागत असतो हे समजत नाही, हे काही मी नवीन सांगत नाही. पण मला ते बॉनेटपाशी उभं राहून समजलं, आणि समजल्यावर सुख व्हायच्या ऐवजी भीतीच वाटली.

नळीला वळणाखाली, सहज हात पोहोचत नाही तिथं, चीर गेलेली होती. हे कान लावून ऐकत होते. मला म्हणाले, "ऐक, हवा शोषतेय. सूंऽऽ असा आवाज येतोय ना?" मी ऐकलं. त्यांनी बोटानं चीर दाबून धरली तर आवाज थांबला, आणि इतका वेळ थरथरणारं इंजिनही शहाण्यासारखं चालायला लागलं. आजही कुठं कुकरची शिट्टी व्हायच्या आधीची वाफ सुटायला लागली की मला ती नळी आठवते आणि त्या सकाळचं आमचं दोघांचं कान देऊन उभं राहणं आठवतं.

सलीमभाईंनी नवी नळी घातली. नळीच्या तोंडाशी हवा एकाच दिशेला जाऊ देणारी एक छोटी झडप असते, तीही बदलली. मी गॅरेजमध्येच हट्टानं ड्रायव्हरच्या जागेवर बसले आणि पुन्हा परीक्षा दिली. दाब, सोड, धर, किल्ली. पेडल पायाखाली अलगद खाली गेलं. सलीमभाई हसून म्हणाले, "अम्मा तो मेकॅनिक हो गए साब, मेरी दुकान बंद कराते." मग हे बसले, पेडल दाबलं आणि म्हणाले, "मस्त." घरी येऊन मी गूळपोळ्या केल्या. हे दोन जास्त जेवले. मुक्ताला फोन करून मी विजयी आवाजात सांगितलं, "गाडीच होती बघ." तिनं बरं म्हटलं, पण "पपांच्या चपलेचं काय?" असंही विचारलं. मला तिचा राग आला. आनंदाच्या वेळी ही मुलगी नेमकी खुसपट काढते.

तीन-चार दिवस मी हवेत होते. आमच्याकडच्या हळदीकुंकवासाठी वाण आणायचं होतं, म्हणून आम्ही आबिड्सच्या बाजाराला निघालो. नुमाइशची गर्दी, पुढं मागं गाड्याच गाड्या, सारखं थांबा, सारखं निघा. मी छोट्या स्टीलच्या वाट्या घ्याव्यात की प्लॅस्टिकचे डबे, याचा विचार करत होते. सहज खाली पाहिलं. हे ब्रेक दाबत होते आणि त्यांचा उजवा हात स्टीअरिंगवरून उतरून उजव्या गुडघ्यावर होता. गुडघा हातानं खाली ढकलत होते. पुढची गाडी निघाली की हात पुन्हा स्टीअरिंगवर. पुढची थांबली की पुन्हा गुडघ्यावर.

मी वाट्या घेतल्या. दुकानदारानं काय दाखवलं आणि मी काय निवडलं, कोण जाणे. परत येताना हे आपणहून म्हणाले, "अजून जरासं कडक आहे. पूर्ण गेलं नाही." मी म्हटलं, "असेल हो. दाखवू पुन्हा." माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

सलीमभाईंनी नळी पाहिली, झडप पाहिली, चाकं पाहिली. स्वतः गाडी चालवून आले. "साब, मक्खन है. कुछ बी नै." हे म्हणाले, "बूस्टर असेल." सलीमभाई म्हणाले, "बूस्टर एकदम अच्छा है साब." हे चहा सांगायला टपरीकडे वळले. तेवढ्या वेळात मी सलीमभाईंना बाजूला घेतलं.

"भाई, वो डब्बा बदल दो."

"अम्मा, अच्छी चीज कू कैकू निकालना?"

"निकालो. मैं बोल री ना, निकालो."

ते माझ्याकडे बघत राहिले. टपरीवरून हे परत येत होते, आणि उजवा पाय जमिनीला घासत होता, आणि सलीमभाईंची नजर माझ्यावरून त्या पायावर गेली. "हौ अम्मा," ते हळूच म्हणाले, "बदल देतूं."

एक धडधाकट बूस्टर आम्ही काढून टाकला. हे शेजारी उभे राहून सगळं पाहत होते. पंपांत आयुष्य काढलेला माणूस. काढलेला डबा त्यांनी हातात घेतला, उलटा केला, हवेच्या तोंडाशी अंगठा लावून पाहिला. त्यात काही नव्हतं हे त्यांना न कळणं शक्यच नव्हतं. त्यांनी तो फडक्यानं पुसला आणि सलीमभाईंना परत दिला. आम्ही दोघं एकमेकांना फसवत होतो आणि दोघांनाही ते माहीत होतं. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही भांडलो, अबोला धरला, पण असं कधी केलं नव्हतं.

रथसप्तमीला शेवटचं हळदीकुंकू होतं, त्या हिमायतनगरच्याच एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. यांनी मला सोडलं. रस्ताभर गाडी रांगत आली, मागचे हॉर्न वाजवत होते, आणि मी मुद्दाम खिडकीबाहेर पाहत होते. वर गेले. पंचवीस-तीस बायका, गजऱ्यांचा वास, पोरींची फोटोंची घाई. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, काकूंनी नाव घ्यायचंच. मी माझा नेहमीचा उखाणा घेतला, लग्नापासूनचा. सगळ्या हसल्या, टाळ्या वाजवल्या. यांचं नाव उच्चारताना मी अशी अडखळले की यजमानीणबाईंनी पाणी आणून दिलं. त्यांनी माझ्या कपाळाला बोट टेकवलं, ओटीत वाण घातलं, आणि माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती की खाली जाऊन पुन्हा त्या गाडीत बसायचं आहे.

खाली आले तर नवऱ्यांची सभा उठत होती. आमची गाडी झाडाखाली उभी होती. ड्रायव्हरची जागा रिकामी. मी इकडेतिकडे पाहिलं. मग दिसलं, हे गाडीतच होते. माझ्या जागेवर बसले होते, पट्टा लावून, हात मांडीवर ठेवून. मी काचेपाशी गेले. त्यांनी काच खाली केली आणि किल्ली माझ्यापुढं धरली.

"गाडीत काहीच दोष नाही गं," हे म्हणाले. "तू चालव."

मी किल्ली घेतली. फिरून पलीकडं गेले, सीट पुढं ओढली, वाणाची पिशवी त्यांच्याकडे दिली. गाडी सुरू केली आणि ब्रेकवर पाय ठेवला. पेडल लोण्यासारखं खाली गेलं. ते तसंच कडक, दगडासारखं लागलं असतं तर मी काय दिलं नसतं. स्टीअरिंगवर डोकं टेकून मी रडत राहिले, आणि हे ती पिशवी दोन्ही हातांनी धरून समोर बघत बसले.